स्पीकरची जागा मोजून ठरवताना : मिनीडीएसपी युमिक-१ मायक्रोफोनचे परीक्षण

होम थिएटरवर खर्च करताना बहुतेक घरांत एक क्रम ठरलेला असतो. आधी टीव्ही किंवा प्रोजेक्टर, मग रिसीव्हर, म्हणजे स्पीकरना आवाज पुरवणारे यंत्र, मग स्पीकरचा संच, आणि उरलेल्या पैशांत केबल व स्टँड. स्पीकर आणि सोफा खोलीत नेमके कुठे ठेवायचे, हा प्रश्न सर्वांत शेवटी येतो आणि त्याचे उत्तर बहुधा सुतार, इंटिरिअर करणारा किंवा विजेचा पॉइंट असलेली भिंत देऊन टाकते. माझ्या मते हा क्रम उलटा हवा. त्याच स्पीकरचा, त्याच रिसीव्हरचा आवाज केवळ जागा बदलल्याने इतका बदलतो, की दुप्पट किमतीचा संच चुकीच्या जागी ठेवण्यापेक्षा साधा संच योग्य जागी ठेवणे केव्हाही चांगले. हाँगकाँगच्या मिनीडीएसपी कंपनीचा युमिक-१ हा मायक्रोफोन ती जागा मोजून शोधण्याच्या कामी येतो. पुण्यातील आमच्या फ्लॅटच्या हॉलमध्ये सगळी मांडणी याच्याच आधारे केली असल्यामुळे, हे परीक्षण मी जागा ठरवण्याचे साधन म्हणून त्याच्याकडे पाहत लिहीत आहे. पॉडकास्ट किंवा गाणी रेकॉर्ड करण्यासाठी हा मायक्रोफोन नाही, आणि त्या हेतूने तो कोणी घेऊही नये.

वस्तू दिसायला अगदी साधी आहे. पेनापेक्षा थोडी जाड धातूची नळी, टोकाला बारीक कॅप्सूल, दुसऱ्या टोकाला यूएसबी केबलची जागा. लॅपटॉपला जोडल्यावर वेगळा ड्रायव्हर टाकावा लागत नाही. सोबत केबल, फोमचे आवरण, क्लिप आणि टेबलावर ठेवण्यापुरती छोटी तिपाई मिळते. खरी किंमत मात्र त्यावर छापलेल्या अनुक्रमांकाची आहे. कारखान्यात प्रत्येक नग तपासला जातो आणि त्याची स्वतःची कॅलिब्रेशन फाइल, म्हणजे त्या नगाच्या मोजण्यातली चूक भरून काढणारी आकडेवारी, कंपनीच्या संकेतस्थळावर ठेवली जाते. अनुक्रमांक टाकला की त्या नगाच्या दोन फाइली उतरवून घेता येतात. एक मायक्रोफोन स्पीकरकडे रोखून धरल्यावर वापरायची, आणि दुसरी, नव्वद अंशांची, तो छताकडे सरळ उभा धरल्यावर वापरायची. पुढे-मागे सर्व बाजूंनी स्पीकर असलेल्या खोलीत दुसरी फाइल आणि उभा मायक्रोफोन हीच पद्धत सोयीची, कारण मग प्रत्येक स्पीकरसाठी दिशा बदलावी लागत नाही. मोबाइलवर फुकट मिळणाऱ्या ॲपच्या तुलनेत मोठा फरक इथेच पडतो. फोनचा मायक्रोफोन माणसाच्या बोलण्यासाठी बनवलेला असतो, त्यामुळे होम थिएटरमध्ये सर्वाधिक त्रास देणारा खालचा पट्टा त्याला भरवशाने मोजता येत नाही.

मायक्रोफोन एकटा काही सांगत नाही. त्याला जोड लागते ती जॉन मुल्काही यांनी लिहिलेल्या रूम ईक्यू विझार्ड, म्हणजेच आरईडब्ल्यू, या सॉफ्टवेअरची. हे विनामूल्य आहे आणि विंडोज, मॅक व लिनक्स या तिन्हींवर चालते. लॅपटॉप एचडीएमआय केबलने रिसीव्हरला जोडायचा, मायक्रोफोन बसण्याच्या जागी कानांच्या उंचीवर धरायचा आणि मापनाचे बटण दाबायचे. स्पीकरमधून खर्जापासून अतितारापर्यंत चढत जाणारा एक सलग स्वर साडेपाच सेकंदांच्या आसपास वाजतो, आणि पडद्यावर एक आलेख उमटतो. त्यात कोणती वारंवारता किती डेसिबलने तुमच्या कानांपर्यंत पोहोचली ते दिसते. पंचाहत्तर डेसिबलच्या आसपासची पातळी मापनाला पुरते, म्हणजे शेजाऱ्यांना त्रास होईल इतका आवाज वाढवण्याची गरज नाही. तरीही रात्री दहानंतर हे काम करू नये, कारण खालच्या स्वरांना भिंती अडवत नाहीत. मोजताना पंखा, एसी आणि शक्य असल्यास फ्रिजही बंद ठेवावा. छताचा पंखा चालू असेल तर त्याची घरघर खालच्या पट्ट्यात मिसळते आणि आलेखाची ती बाजू अविश्वसनीय होते.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो.

आमचा हॉल चौदा फूट लांब, अकरा फूट रुंद आणि साडेनऊ फूट उंच आहे. पुण्या-मुंबईकडच्या असंख्य फ्लॅटमध्ये जवळपास हेच माप असते, म्हणून ते तपशीलाने सांगतो. कोणत्याही बंद खोलीत समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये काही ठराविक स्वर अडकतात आणि घुमतात. पहिला स्वर काढण्याची रीत सोपी आहे. ध्वनीचा वेग, सेकंदाला सुमारे ३४४ मीटर, याला भिंतींमधील अंतराच्या दुपटीने भागायचे. चौदा फुटांच्या लांबीला हा स्वर ४० हर्ट्झ येतो, अकरा फुटांच्या रुंदीला ५१ हर्ट्झ आणि उंचीला ५९ हर्ट्झ. त्यांच्या पटीतले स्वरही असतात, म्हणजे लांबीला ८० आणि रुंदीला १०३ हर्ट्झ. स्फोट, मेघगर्जना, ढोल आणि पार्श्वसंगीतातील खर्ज हे सगळे याच पट्ट्यात येते. आपल्याकडील भिंती विटांच्या किंवा काँक्रीटच्या, वर स्लॅब, खाली व्हिट्रिफाइड फरशी. अमेरिकेतील घरांमध्ये लाकडी चौकटीवर ठोकलेली जिप्समची भिंत स्वतः थरथरून खालचा आवाज थोडाफार गिळते, तशी सवलत आपल्या बांधकामात मिळत नाही. त्यामुळे हे स्वर आपल्याकडे अधिक टोकदार होतात आणि अधिक वेळ रेंगाळतात. परदेशी व्हिडिओत दाखवलेली मांडणी जशीच्या तशी उचलून इथे तोच आवाज का येत नाही, याचे एक मोठे कारण हे आहे.

यातली खरी मेख अशी की हे स्वर खोलीत सगळीकडे सारखे नसतात. भिंतीलगत ते सर्वांत जोरात असतात आणि ठराविक रेषांवर जवळजवळ नाहीसे होतात. लांबीचा पहिला स्वर खोलीच्या मध्यावर बुडतो, तर त्याच्या दुपटीचा स्वर एक-चतुर्थांश अंतरावर. आपल्या घरांत सोफा बहुतेक वेळा मागच्या भिंतीला टेकवलेला असतो, म्हणजे ऐकणारा लांबीचे सर्व स्वर सर्वाधिक घुमतात नेमक्या त्याच ठिकाणी बसतो. आमच्याकडेही मांडणी अशीच होती. पहिल्या मापनात ४० आणि ८० हर्ट्झला दोन ठळक उंचवटे दिसले, आणि ते गणिताने आधीच सांगितलेल्या जागी होते. सोफा दीड फूट पुढे घेतला, तेव्हा कान मागच्या भिंतीपासून सुमारे पाऊण मीटरवर आले. ८० हर्ट्झचा उंचवटा स्पष्टपणे खाली बसला. ४० हर्ट्झचा फारसा हलला नाही, आणि तो हलणारही नव्हता, कारण त्यासाठी खोलीच्या मध्याकडे जावे लागते आणि मग तिथे उलट तोच स्वर नाहीसा होतो. एका फर्निचरच्या हालचालीतून कोणता दोष जाईल आणि कोणता राहील, हे आलेखावर समोरासमोर दिसणे, ही या मायक्रोफोनची मला वाटलेली सर्वांत मोठी देणगी. दीड फूट जागा गेल्याबद्दल घरात कुरकुर होऊ शकते, पण त्याच प्रसंगातला ढोल गरगरीत न वाटता प्रत्येक थापेसह वेगळा ऐकू आला, की ती आपोआप थांबते.

सबवूफर, म्हणजे केवळ खर्जासाठीचा वेगळा स्पीकर, याच्या बाबतीत हे साधन याहूनही अधिक उपयोगी पडते. दुकानदार सबवूफर कोपऱ्यात ठेवायला सांगतात, कारण तिथे तो सर्वांत मोठा वाजतो, आणि ते खरेही आहे. मात्र कोपरा खोलीतील प्रत्येक अडकणाऱ्या स्वराला पूर्ण जोराने चेतवतो. आमचा सबवूफर समोरच्या डाव्या कोपऱ्यात असताना सोफ्याच्या मधल्या आणि कडेच्या जागेवर वेगवेगळी मापने घेतली. मधल्या जागेवर ५१ हर्ट्झला खोल खड्डा होता आणि कडेच्या जागेवर नेमका तिथेच उंचवटा. कारण उघड आहे. रुंदीचा पहिला स्वर खोलीच्या मधोमध बुडतो आणि बाजूच्या भिंतीकडे चढत जातो. एकाच सोफ्यावर शेजारी-शेजारी बसलेल्या दोघांनी एकच प्रसंग ऐकावा आणि एकाला तो पोकळ, तर दुसऱ्याला तो दणदणीत वाटावा, अशी ही स्थिती. यावर इक्वलायझरचा, म्हणजे एखाद्या स्वराचा जोर कमी-जास्त करण्याचा, इलाज चालत नाही. मधल्यासाठी ५१ हर्ट्झ वाढवावा तर कडेच्याच्या कानठळ्या बसतात, आणि कडेच्यासाठी कमी करावा तर मधल्याला जे थोडे मिळत होते तेही जाते.

सबवूफर समोरच्या भिंतीच्या मध्यावर, भिंतीवर टांगलेल्या टीव्हीच्या खाली आणला. तो आता त्या स्वराच्या बुडण्याच्या रेषेवर उभा राहिल्यामुळे त्याला चेतवूच शकत नाही. सोफ्याच्या दोन्ही जागांचे आलेख एकमेकांच्या जवळ आले. एकूण आवाज कोपऱ्यापेक्षा थोडा कमी झाला, तो सबवूफरच्या मागच्या बटणाने भरून काढता आला. उरलेला ४० हर्ट्झचा उंचवटा आता सर्व जागांवर सारखाच असल्यामुळे रिसीव्हरमधील स्वयंचलित आवाज-दुरुस्तीने तो खाली ओढणे सोपे गेले. उंचवटा कापता येतो, खड्डा भरता येत नाही, हे तत्त्व इथे कळीचे आहे. खड्ड्याच्या जागी थेट येणारी लाट आणि परतून आलेली लाट एकमेकींना मारत असतात. आपण जितका जोर वाढवू तितक्याच जोराने दोन्ही वाढतात आणि शिल्लक शून्याच्या आसपासच राहते. शिवाय दहा डेसिबल वाढवायचे म्हणजे ॲम्प्लिफायरकडून दहापट शक्ती मागायची, ती वेगळीच. ज्यांना दोन सबवूफर घेणे शक्य आहे त्यांनी समोरासमोरच्या भिंतींच्या मध्यावर ते ठेवून पाहावेत. ध्वनिसाधने बनवणाऱ्या हरमन कंपनीतील टॉड वेल्टी यांनी २००२ मध्ये मांडलेल्या अभ्यासात आयताकृती खोलीसाठी ही मांडणी चांगल्या पर्यायांमध्ये आली होती, आणि जागेजागेतील फरक कमी करणे हाच त्या अभ्यासाचा हेतू होता.

जे मायक्रोफोन घेणार नाहीत त्यांच्यासाठी जुनी पद्धत आहेच. सबवूफर उचलून सोफ्यावर, आपल्या बसण्याच्या जागी ठेवायचा, त्यावर खर्जाचा सलग तुकडा लावायचा आणि आपण भिंतीच्या कडेने गुडघ्यांवर फिरत जिथे तो एकसारखा ऐकू येईल ती जागा शोधायची. ध्वनीच्या दृष्टीने उगम आणि श्रोता यांची अदलाबदल चालते, म्हणून ही पद्धत शास्त्राला धरून आहे. फक्त ती एका वेळी एकाच आसनाचा विचार करते, आणि कान मोजून नव्हे, तर अंदाजाने निवड करतात.

पुढच्या दोन स्पीकरच्या बाबतीत भिंतीपासूनचे अंतर हा वेगळा प्रश्न आहे. खालच्या वारंवारतेला स्पीकरमधून आवाज सर्व बाजूंना पसरतो, त्याचा काही भाग स्पीकरच्या मागच्या भिंतीवर आपटून उलटा येतो आणि एका ठराविक स्वराच्या बाबतीत मूळ आवाजालाच मारतो. तो स्वर काढायला ८६ या आकड्याला स्पीकरच्या पुढच्या पृष्ठभागापासून भिंतीपर्यंतच्या मीटरमधील अंतराने भागायचे. साठ सेंटिमीटर अंतर असेल तर सुमारे १४३ हर्ट्झ, म्हणजे पुरुषी आवाजाचा भरदारपणा जिथे असतो तिथेच खड्डा. पस्तीस सेंटिमीटर असेल तर तो २४६ हर्ट्झच्या आसपास जातो. ‘स्पीकर भिंतीपासून दोन-तीन फूट पुढे ओढा’ हा सल्ला सर्वत्र दिला जातो, आणि मोठ्या खोलीत तो योग्यही असेल, पण अकरा बाय चौदाच्या खोलीत दोन फूट हे अंतर सर्वांत वाईट ठरू शकते. सबवूफर सोबत असून ८० हर्ट्झच्या खालचे काम त्याच्याकडे दिलेले असेल, तर बुकशेल्फ स्पीकर भिंतीच्या जवळ नेऊन खड्डा वर ढकलणे आणि मागे आवाज शोषणारा, पाच सेंटिमीटर जाडीचा रॉकवूलचा पॅनल लावणे हा मार्ग लहान खोलीला अधिक मानवतो. युमिक-१ वर हे पाहायला फार सोपे आहे. स्पीकर दहा-दहा सेंटिमीटर सरकवत प्रत्येक वेळी मापन घेतले, की आलेखातील खड्डा हळूहळू उजवीकडे सरकताना दिसतो. जो खड्डा स्पीकर हलवल्यावर हलतो तो स्पीकर व भिंत यांच्या अंतराचा, आणि जो जागचा हलत नाही तो खोलीचा किंवा सोफ्याच्या जागेचा. ही ओळख एकदा पटली की पुढचे निर्णय भराभर होतात.

कोनांचे नियम तसे सर्वज्ञात आहेत, त्यामुळे थोडक्यात आटोपतो. डॉल्बीच्या मार्गदर्शनानुसार डावा व उजवा स्पीकर बसणाऱ्याच्या समोरच्या मध्यरेषेपासून २२ ते ३० अंशांत असावेत. आमच्या अंतरांना २२ अंश म्हणजे दोघांमध्ये अडीच मीटरहून किंचित अधिक, आणि तीस अंश अकरा फुटांच्या भिंतीत बसतच नाहीत. बाजूचे स्पीकर आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीत १०० ते १२० अंशांवर सांगितले आहेत. ११० अंशांना बाजूच्या भिंतीवर कानांच्या सुमारे साठ सेंटिमीटर मागे जागा लागते, आणि सोफा भिंतीला टेकलेला असेल तर ती मिळतच नाही. सोफा पुढे घेतल्याचा हा दुसरा लाभ. छतावरील ॲटमॉस, म्हणजे डॉल्बीच्या वरूनही आवाज देणाऱ्या पद्धतीच्या, स्पीकरसाठी पीओपीचे सीलिंग करायच्या आधीच सोफ्याची अंतिम जागा ठरलेली असावी, कारण दोनच स्पीकर असतील तर ते बसणाऱ्याच्या जवळजवळ डोक्यावर, ६५ ते १०० अंशांच्या उंचीवर यावे लागतात. फ्लॅटचे काम चालू असताना आधी भिंती फोडून वायर गाडल्या जातात आणि ध्वनीचा विचार रंगकाम झाल्यावर येतो, हे मी ओळखीच्या अनेक घरांत पाहिले आहे. तसे करणाऱ्या कंत्राटदाराला त्यात काही वावगे वाटत नाही, पण भोगायचे घरमालकाला असते. वायरला दोन्ही टोकांना निदान दोन-तीन फुटांची जास्तीची लांबी ठेवायला सांगणे एवढे तरी अवश्य करावे.

वरच्या पट्ट्यात, विशेषतः संवादांच्या स्पष्टतेत, हे साधन आणखी एका प्रकारे मदत करते. आरईडब्ल्यूमध्ये मूळ आवाजानंतर कोणते परावर्तन किती वेळाने आले याचा वेगळा आलेख मिळतो. एक मिलिसेकंद म्हणजे सुमारे ३४ सेंटिमीटरचा जादा प्रवास. आमच्या डाव्या स्पीकरच्या मापनात मूळ आवाजानंतर एका मिलिसेकंदाच्या आसपास एक जोरदार टोक होते आणि उजव्याच्या मापनात त्या ठिकाणी ते बरेच लहान होते. परावर्तन कुठून येते हे शोधण्याची रीत सुरेख आहे. स्पीकर ते मायक्रोफोन हे थेट अंतर आणि त्यात ३४-३५ सेंटिमीटर मिळवून तेवढ्या लांबीचा दोरा घ्यायचा, दोन्ही टोके स्पीकर व मायक्रोफोनपाशी धरायची आणि मध्ये ताणत खोलीभर फिरवायचा. ताणलेला दोरा ज्या पृष्ठभागाला टेकेल तो संशयित. दोरा टेकला तो बाल्कनीच्या सरकत्या काचेच्या दाराला, स्पीकरच्या पुढे साधारण दोन फुटांवर. त्या जागी जाड पडदा ओढून पुन्हा मापन घेतले, तेव्हा ते टोक खाली आले, आणि संवाद मध्यभागी घट्ट बसले. पूर्वी डावीकडचे संवाद काहीसे पसरट वाटत, ते स्पीकरच्या दर्जामुळे नव्हते हे त्यातून निःसंशय सिद्ध झाले. उजवीकडे भिंतीवर आधीपासून पुस्तकांचे कपाट आहे, आणि पुस्तकांच्या उंच-सखल कडांनी तिथला आवाज बराच विखुरला जातो.

हे सर्व वाचून कोणाला वाटेल की रिसीव्हरसोबत येणारा मायक्रोफोन आणि त्याची स्वयंचलित दुरुस्ती पुरेशी नाही का. ती दुरुस्ती उपयुक्त आहे आणि मी ती वापरतो. मात्र तिचे काम खोली जशी आहे तशी गृहीत धरून सुरू होते. सोफा पुढे घ्या किंवा सबवूफर मध्यावर आणा, असे ती सांगत नाही. दुरुस्तीनंतरचा म्हणून पडद्यावर दाखवला जाणारा आलेखही पुष्कळदा प्रत्यक्ष मोजलेला नसून हिशेबाने काढलेला असतो. युमिक-१ चा योग्य वापर दोन वेळा आहे. दुरुस्ती बंद ठेवून आधी जागा ठरवताना, आणि दुरुस्ती चालवून झाल्यावर ती खरोखर लागू पडली का हे तपासताना. दुसऱ्या वेळी विशेषतः सबवूफर आणि पुढचे स्पीकर एकत्र वाजवून ८० हर्ट्झच्या आसपास पाहावे. तिथे खड्डा दिसला तर दोघांच्या लाटा एकमेकांना छेद देत आहेत. अशा वेळी रिसीव्हरमधील सबवूफरचे अंतर थोडे-थोडे बदलत, तो खड्डा सर्वांत उथळ होईल तिथे थांबावे. रिसीव्हरने सबवूफरचे अंतर टेपने मोजलेल्यापेक्षा जास्त दाखवले म्हणून ते ‘दुरुस्त’ करू नये. सबवूफरच्या आतील प्रक्रियेला लागणारा वेळ त्या आकड्यात धरलेला असतो.

मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. सोबतची तिपाई कानांच्या उंचीला पोहोचत नाही, आणि ती सोफ्यावर ठेवली तर पाठीचे परावर्तन व गादीचे कंप मापनात येतात. म्हणून आडवा दांडा असलेला गायकांचा साधा माइक-स्टँड वेगळा घ्यावा लागतो, आणि तो खर्च आधीच धरावा. मायक्रोफोन यूएसबीचा असल्यामुळे त्याचे अंतर्गत घड्याळ आणि लॅपटॉपमधून बाहेर जाणाऱ्या आवाजाचे घड्याळ वेगवेगळे असते. दोन स्पीकरमधील वेळेची तुलना करायची तर आरईडब्ल्यूमधील ध्वनिसंदर्भाची (ॲकॉस्टिक टायमिंग रेफरन्स) सोय निवडावी लागते, नाहीतर वेळेचे आकडे दिशाभूल करतात. शांत खोलीतील अतिसूक्ष्म आवाज मोजण्याइतका हा मायक्रोफोन स्वतः शांत नाही, पण मांडणीच्या कामात त्याची गरजही पडत नाही. याच कंपनीचा वरच्या दर्जाचा युमिक-२ अधिक शांत आहे, तरी केवळ स्पीकरच्या जागेसाठी जास्तीचे पैसे द्यावेत असे मला वाटत नाही. सॉफ्टवेअरचा पसारा मोठा आहे, आणि आवाज कोणत्या वाटेने बाहेर जातो हे लॅपटॉपला समजावण्यातच पहिली संध्याकाळ जाऊ शकते. मार्गदर्शिका उत्तम आहे, ती शांतपणे वाचावी.

एक धोका मात्र विशेष जपण्याचा. आलेख सरळ रेषेसारखा करण्याच्या नादाला लागू नये. साधारण तीनशे हर्ट्झच्या खाली खोलीचे राज्य असते आणि तिथे मायक्रोफोनने दाखवलेले जवळजवळ तसेच ऐकू येते. त्याच्या वर एका बिंदूवरचे मापन आणि दोन कानांनी, मेंदूने ऐकलेला आवाज यांत फरक पडतो. तिथली बारीक दातेरी चढउतारांची रेघ डोके दोन इंच हलवले तरी बदलते. म्हणून खालच्या पट्ट्यासाठी आलेख जसाच्या तसा पाहावा, वरच्या पट्ट्यासाठी तो सॉफ्टवेअरमधूनच गुळगुळीत करून घ्यावा, आणि अनेक जागांची सरासरी काढल्याशिवाय वरच्या पट्ट्यात हात घालू नये.

कोणी घ्यावा? ज्यांच्याकडे सबवूफरसह पाच स्पीकर आहेत, सोफा किंवा स्पीकर यांपैकी निदान एक हलवण्याची मुभा आहे, आणि थोडा वेळ देण्याची तयारी आहे, त्यांनी नवा रिसीव्हर किंवा मोठे स्पीकर घेण्याचा विचार करण्यापूर्वी हा घ्यावा. एकट्या साउंडबारसाठी तो घेण्यात अर्थ नाही. जिथे फर्निचर भिंतीत बांधून टाकलेले आहे आणि तसूभरही हलणार नाही, तिथेही त्याचा उपयोग अर्ध्यावर येतो. परदेशातून मागवल्यास सीमाशुल्क आणि कुरिअर यांमुळे किंमत बरीच चढते, त्यामुळे देशातील विक्रेत्याकडे उपलब्ध आहे का ते आधी पाहावे. जुना घेत असाल तर नळीवरील अनुक्रमांक वाचता येतो का आणि त्या क्रमांकाची फाइल कंपनीच्या संकेतस्थळावरून उतरते का, हे पैसे देण्यापूर्वी तपासावे.

मांडणी एकदा पक्की झाली की हा मायक्रोफोन महिनोन्महिने खणात पडून राहतो. फर्निचर बदलले, गालिचा घातला किंवा नवा स्पीकर आला तरच तो पुन्हा बाहेर निघतो. त्यामुळे तीन-चार मित्रांनी किंवा नातेवाइकांनी मिळून एक घेणे हा सर्वांत शहाणपणाचा व्यवहार आहे. आमच्याकडचा सध्या ठाण्याला भावाच्या घरी आहे. फक्त नळी एका घरून दुसऱ्या घरी जाताना तिच्या दोन्ही कॅलिब्रेशन फाइली पेनड्राइव्हमध्ये घालून डब्यातच ठेवाव्यात, आणि मापन सुरू करण्यापूर्वी मायक्रोफोन छताकडे असेल तर नव्वद अंशांची फाइल निवडली आहे ना, ते प्रत्येकाने पाहून घ्यावे.